भिंतीवर कोण केवढं

रणजीत उज्जैनला गेला नसता, तर टेमगिऱ्यांच्या चाळीच्या भिंतीवर आबांचा चेहरा आला असता. टोपीपासून हनुवटीपर्यंत एक माणूस उभा राहील एवढा. त्याच्या शेजारी हात जोडलेला, आबांहून अंमळ मोठा, रणजीत आला असता. पंच्याहत्तरी आबांची होती, पण निवडणूक रणजीतची होती, आणि हे कुरुळीत कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं.

पण रणजीत गेला. गाडीत मावतात त्याहून जास्त कार्यकर्ते घेऊन गेला आणि निघताना काच खाली करून मोठ्या भावजयीला, कुसुमताईंना, म्हणाला, "वहिनी, भिंतीचं तेवढं बघा."

या घरात आल्यापासून कुसुमताईंना 'बघा' म्हणून पुष्कळ गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या. दूध उतू जातंय का बघा, पाहुणे जेवणार का बघा, आबांची कवळी कुठाय बघा. बघायचं कुसुमताईंनी आणि ठरवायचं बाकीच्यांनी, अशी घराची रीत होती. या खेपेला मात्र ठरवणारे सगळे गाडीत बसून निघून गेले. कुसुमताई थोडा वेळ भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मग आत येऊन सुनेला म्हणाल्या, "उत्कर्षा, ती भिंत तुझी. तुला पायजे ते काढ. कोण काय बोललं तर माझं नाव सांग."

हे वाक्य आपल्याच तोंडातून निघालं यावर त्यांचा बराच वेळ विश्वास बसेना. त्या दिवशी दुपारभर त्या कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. न जाणो, आणखी एखादं निघालं तर.

उत्कर्षा आकुर्डीची. वडील दुचाकीच्या कारखान्यात फिटर, मुलगी चित्रकला शिकलेली. कुसुमताईंच्या मुलाने, प्रीतमने, तिला पसंत केलं तेव्हा मुलगी ड्रॉइंग काढते एवढंच घराला कळलं होतं. ड्रॉइंग म्हणजे कंपनीतलं, नटबोल्टचं, असं धरून प्रीतमच्या वडिलांनी, साहेबरावांनी, होकार दिला. "पोरगी डिझाइनला हाय," असं ते साखरपुड्यात चार लोकांना सांगूनही बसले. लग्नानंतर कळलं, की पोरगी नाकं बटाट्यासारखी काढते, पोटं घागरीसारखी, डोळे बुंदीच्या लाडवासारखे. तिच्या कागदावर माणसं निळी असत, म्हशी गुलाबी असत, आणि सगळी कशाला तरी मनापासून हसत असत. साहेबरावांनी हे चार लोकांना सांगितलं नाही.

भिंत होती ती चाळीची मागची बाजू, हमरस्त्याकडून गावात येणाऱ्या वाटेला लागून, कंपनीच्या दोन बस एकामागे एक उभ्या राहतील एवढी लांब. चाकणच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी माणसं त्या खोल्यांत राहत. नांदेडची, बीडची, चिपळूणची. जमिनी गेल्यावर आबांनी चाळ बांधली आणि उभ्या पिकावर ठेवावं तसं तिच्यावर लक्ष ठेवलं.

काम चालू असताना कुणी बघू नये म्हणून उत्कर्षाने परांचीला जुने फ्लेक्स बांधून घेतले. घरात जुने फ्लेक्स मुबलक होते. रणजीतचा वाढदिवस दरवर्षी येई. त्यामुळे गेले काही दिवस रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला वेगवेगळ्या वर्षांचे रणजीत ओळीने हसताना दिसत, आणि त्यांच्या मागून रंगाचा वास येई.

आज ते फ्लेक्स उतरायचे होते. उद्या पंच्याहत्तरी. भिंतीसमोरच्या मोकळ्या जागेत मंडप पडत होता, आणि घरची मंडळी सकाळचं चहापाणी उरकून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर येऊन बसली होती. मधोमध आबा, म्हणजे यशवंतराव. त्यांच्या उजव्या हाताला कालच परतलेला धाकटा मुलगा रणजीत, कपाळाला महाकालचं गंध. डावीकडे थोरला, साहेबराव. आणि सगळ्यांपासून चार हात लांब, खुर्ची तिरकी करून, आबांचे धाकटे भाऊ हिंदुराव तात्या. प्रीतमच्या लग्नपत्रिकेत तात्यांचं नाव नवरीच्या मामाच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून तात्या भावाशी बोलत नव्हते. आजही ते 'मंडप नीट घालत्यात का ते बघायला' आले होते.

"भिंतीवर चित्रं काढायला ही काय बालवाडी हाय का?" ते मंडपाच्या खांबाला उद्देशून म्हणाले.

कुसुमताई मागे उभ्या होत्या. त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. भिंत पुसली गेली तर रंग वाया गेला असता, त्याचं काही नाही. पण 'माझं नाव सांग' हे वाक्यही त्याबरोबर पुसलं गेलं असतं, आणि तसलं दुसरं वाक्य पुन्हा सुचेल याची त्यांना खात्री नव्हती.

"सोडा," उत्कर्षा परांचीवरच्या माणसाला म्हणाली.

दोऱ्या सुटल्या. एकेक रणजीत हसत हसत खाली आला.

मागे सकाळ होती. पहिल्या शिफ्टची सकाळ. केशरी रंगाची कंपनीची बस, तिचे दिवे अजून झोपेतून न उठल्यासारखे. बसमागे एका पायात बूट आणि दुसरा हातात घेऊन पळणारा चाळीतला धम्मरत्न. मोटारसायकलच्या आरशात बघून दाढी करणारे दोघे, आरसा एकच. पुढे, अगदी रस्त्यावर आल्यासारखी, डबे देणारी शालनबाई, हातात झारा, आणि तिच्या कढईतल्या पोह्यांची वाफ वर जाऊन तिचेच ढग झालेले. रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर पेपर उघडून बसलेले हिंदुराव तात्या. त्यांच्या मिशा बैलाच्या शिंगांसारख्या पेपराच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. साहेबरावांचा पाण्याचा टँकर, गळणारा, आणि त्याच्या मागे गळतीखाली तोंड धरून शिस्तीत चालणारी कुत्री. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, कानाला फोन लावलेला, पाठमोरा रणजीत. आणि सगळ्यांवर पिवळंधमक ऊन.

मंडपवाल्यांचा हातोडा थांबला. मंडळींच्या माना पुढे झाल्या.

इथे टेमगिऱ्यांचा दोष नव्हता. माणसांचे चेहरे असलेलं आणि रस्त्याकडेला लावलेलं एकच चित्र त्यांना माहीत होतं, ते म्हणजे फ्लेक्स. आणि फ्लेक्स वाचायला त्यांच्याकडचं शेंबडं पोरही चुकत नसे. ज्याचा फोटो मोठा तो मोठा. जो मध्ये तो महत्त्वाचा. ज्याच्या फोटोवर दुसऱ्याच्या फोटोची कड आली, त्याचं काहीतरी बिनसलेलं आहे. ज्याचा फोटोच नाही, तो दुसऱ्या पक्षात गेला. म्हणून ऊन, वाफ, ढग, कुत्री यांतलं काहीही न बघता प्रत्येकाने आधी स्वतःला शोधलं, मग हाताने माप घेतल्यासारखं बाकीच्यांना मोजलं.

पहिले बोलले ते तात्या. त्यांनी खुर्ची सरळ केली.

"दादा," ते म्हणाले. प्रीतमच्या लग्नानंतर भावाला मारलेली ही पहिलीच हाक. "दादा, पोरीचा हात चांगला हाय."

"बालवाडीचा?" साहेबरावांनी विचारलं.

"तुला चित्रातलं काय कळतंय? मिशी बघ. मिशीचा केस न् केस काढलाय."

"आबा कुठं हायेत?" रणजीत म्हणाला.

सगळे शोधायला लागले. मध्ये नव्हते. डावीकडे नव्हते. शालनबाई मंडपवाल्यांसाठी पोह्यांचं पातेलं घेऊन आली होती. तिने पातेलं खाली ठेवलं, पदराने घाम टिपला आणि बोट वर केलं. "ते बगा की मालक. वर, पाण्याच्या टाकीवर. अंगठ्याएवढे."

होते. चाळीच्या गच्चीवर टाकी, टाकीशेजारी पांढरी टोपी, टोपीखाली अंगठ्याएवढे आबा.

"अंगठ्याएवढे," रणजीत म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. मग वळून, "वहिनी, ज्याची पंच्याहत्तरी तो अंगठ्याएवढा, आन् पोहेवाली ट्रकएवढी?"

"मला काहून मधी घेतायलात, भाऊ?" शालनबाई म्हणाली. "मी काय सांगितलं व्हतं का काढा म्हनून? पर आलेय बाई झकास. ढग बी माझेच हैत."

"काका, टाकी लांब आहे," उत्कर्षा म्हणाली. तिच्या कानाच्या पाळीलाही पिवळा रंग लागला होता. "लांबचं लहान दिसतं."

"पंच्याहत्तरीला लांब-जवळ नसतं! उद्या आमदार येणार, पक्षाचे नानासाहेब येणार, ते काय दुर्बीण घेऊन येणार का? आन् मी पाठमोरा का?"

"तुम्ही फोनवर आहात."

"फोनवर असलो म्हणून काय झालं? तोंड असतंच की माणसाला!"

"मी जे पाहते तेच काढते, काका. लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही मला असेच दिसलात."

तात्यांना खोकला आला. तो खोकला नव्हता.

सकाळपर्यंत साहेबराव भिंतीच्या बाजूने होते, कारण बायकोने शब्द दिला होता आणि त्यांना घरात जेवायचं होतं. पण टँकर दिसल्यावर त्यांचंही मन फिरलं. "गळतोय हे कशाला दाखवायचं? कंपनीवाले बघतील. गळती बंद कर आन् कुत्री काढून टाक."

"कुत्री ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "गळतो ते खरं हाय. माझ्या दारावरनं जातो, मला अंगणात सडा टाकावा लागत न्हाई."

"तात्या, तुमी सकाळी विरोधात होता."

"सकाळी मी बघितलं नव्हतं."

"तुमी मोठे आलाय म्हणून बोलताय."

"व्हय," तात्या शांतपणे म्हणाले. "एकदा तरी छापणाऱ्यानं नीट छापलं."

म्हणजे घडी पार विस्कटली. विरोधातले तात्या बाजूचे झाले, बाजूचे साहेबराव विरोधात गेले, आणि रणजीत, जो विरोधातही नव्हता आणि बाजूलाही नव्हता, तो फोन काढून मंडपाच्या दुसऱ्या टोकाला खांब रंगवणाऱ्या ज्ञानेशला बोलावू लागला. ज्ञानेश वीस पावलांवर होता. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. तो फोन कानाला लावूनच आला, दुसऱ्या हातात चुन्याची बादली.

"उरकेल का संध्याकाळपर्यंत?" रणजीतने विचारलं.

"दोन हात मारावे लागतील. पिवळा लवकर दबत न्हाई, भाऊ," ज्ञानेशने भिंतीकडे बघत सांगितलं. मग आवाज बारीक करून म्हणाला, "मी कुठं हाय का यात?"

"तू कशाला असशील?"

"न्हाई, विचारलं."

 आबा चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत होते. पुसलेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसला. कुसुमताईंनी बादलीकडे पाहिलं, मग सुनेकडे. उत्कर्षा ओठ दाबून उभी होती. रडली असती तर बरं, असं तिचं तोंड झालं होतं.

कुसुमताई पुढे आल्या. सासऱ्यांच्या खुर्चीच्या मागून पुढे यायला चार पावलं लागतात, पण एवढ्या वर्षांत कधी टाकली नसल्याने ती त्यांना बरीच वाटली.

"भावजी, एक विचारू?"

"बोला."

"फ्लेक्सवर सगळ्यात वरच्या वळीला बारके बारके गोल फोटो असत्यात. ते कुणाचे असत्यात?"

या विषयात रणजीतच्या शब्दाला जिल्ह्यात मान होता. "दैवतांचे," तो म्हणाला. "थोर माणसांचे. वरिष्ठांचे."

"आन् मोठा फोटो?"

"बड्डेवाल्याचा."

"म्हंजे गेल्या वाढदिवसाला तुमी म्हशीएवढे व्हता आन् खंडोबा लिंबाएवढा. मंग खंडोबा काय बारका झाला का?"

रणजीतने पायाशी पडलेल्या फ्लेक्सकडे पाहिलं. 

"आबा सगळ्यात वर हायेत," कुसुमताई म्हणाल्या. "त्यांच्या वर कोण न्हाई. आभाळ तेवढं हाय."

"पटलं!" तात्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "कायद्यानं बोलली! रणजीत, आता तुझाच फ्लेक्स काढून बघ." शालनबाईने 'अगं बया' म्हणून तोंडावर हात ठेवला. ज्ञानेशने बादली खाली ठेवली. खाली पडलेल्या फ्लेक्सवरचा म्हशीएवढा रणजीत हसत होता आणि त्याच्या डोक्यावर लिंबाएवढा खंडोबा घोड्यावर बसलेला होता. नाकारायला काही जागाच नव्हती. कुसुमताईंच्या अंगात कसलीशी ऊब आली. बोलणं इतकं सोपं असतं तर आपण आधीच का नाही बोललो, असंही त्यांना वाटून गेलं.

"कुसुम," आबा म्हणाले.

"जी."

"त्या वरच्या वळीत जी माणसं असत्यात," आबांनी चष्मा चढवला, "ती हयात असत्यात का गेलेली?"

 शेवटी जाणकार म्हणून रणजीतलाच उत्तर द्यावं लागलं. "बहुतेक... गेलेलीच असतात."

"मंग उद्या मी केक कापायचा, का कावळा शिवायची वाट बघायची?"

तात्या इतके हसले की खुर्चीचा मागचा पाय मातीत रुतला आणि त्यांना दोघांनी धरून सरळ केलं. "दादा, तू वर गेलास!" ते डोळे पुसत म्हणाले. "जित्यापणी वर गेलास!" हसणारे ते एकटेच होते. ज्ञानेशने बादली पुन्हा उचलली आणि काठीने चुना ढवळायला लागला.

हुशारीचं बोलणं संपलं होतं. कुसुमताईंपाशी तसलं एकच होतं.

"ही भित कुणाच्या शब्दावर रंगली?" आबांनी विचारलं.

"वहिनींच्या," रणजीत लगेच म्हणाला.

साहेबराव खुर्चीतून अर्धवट उठून बायकोच्या कानाशी आले. "अगं, 'मला काय कळतंय' असं म्हण आन् मोकळी हो. विषय संपंल." त्यांचा हेतू चांगला होता. 'मला काय कळतंय' या वाक्याने त्या घरात पुष्कळ विषय संपले होते, आणि ते दर वेळी कुसुमताईंनीच म्हटलं होतं.

"आई, राहू द्या," उत्कर्षा हळूच म्हणाली. "मी दुसरीकडे कुठंतरी काढीन."

कुसुमताईंनी मान हलवली.

"माझ्या शब्दावर रंगली, आबा," त्या म्हणाल्या. "तिनं मागितली नव्हती, मीच दिली. पायजे ते काढ म्हणलं आन् माझं नाव सांग म्हणलं. तुमी मोठे हाय. पुसा म्हणलात तर भित पुसली जाईल. पण मंग उद्यापास्नं मी ह्या घरात कुणाला काय सांगितलं तर ती म्हंजे नुसती हवा. दूध उतू जातंय का तेवढं बघत जाईन. 'मला कळत न्हाई' असं मात्र म्हणायची न्हाई. मला कळतंय. मला आवडलंय ते."

एवढं बोलून झाल्यावर त्यांना दिसलं, की आपला पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आलाय. त्यांनी तो तसाच राहू दिला.

आबा उठले. धोतर सावरत भिंतीपाशी गेले आणि एका टोकापासून चालायला लागले. बसपाशी थांबले. धम्मरत्नच्या हातातल्या बुटापाशी थांबले. दाढी करणाऱ्यांपाशी वाकून बघितलं, आणि "आरसा येकच?" असं स्वतःशीच म्हणाले. टाकीच्या खाली आल्यावर त्यांनी मान मागे टाकून वर पाहिलं.

"पोरी, हितं मी पाण्याचा वॉल फिरवतोय, का फिरवून झालाय?"

"फिरवून झालाय, आबा," उत्कर्षा म्हणाली. "तुम्ही कमरेवर हात ठेवून थांबलाय. आमच्या खिडकीतून रोज दिसता. पाणी सोडून झालं तरी बराच वेळ खाली येत नाही."

"आबा, मी कितीदा म्हणलं," रणजीत मध्ये पडला, "पाणी सोडायला माणूस ठेवू. ह्या वयात शिडी चढायची गरज काय?"

"गरज हाय," आबा म्हणाले. ते अजून वरच बघत होते. "खाली आलो का मी मालक. जो तो वाकतो. मला नुसती डोकी दिसत्यात. कुणाची टक्कल पडली आन् कुणी मेंदी लावली, एवढं कळतं. वर गेलो का तोंडं दिसत्यात. कोण उठलाय, कुणाची बस चुकली, कोण कुणाला बघून हसतंय." त्यांनी काठी भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. "हे समदं मला वरनं असंच दिसतं. नाकंबी अशीच दिसत्यात. म्या कुणाला सांगितलं न्हाई. पंच्याहत्तरीचा म्हातारा टाकीवर चढून लोकांची तोंडं बघतो, हे काय सांगायचं? हिला कसं कळलं?"

 उत्कर्षाने नाक पुसलं आणि नाकालाही पिवळा रंग लागला.

"ऱ्हाऊ दे भित," आबा म्हणाले. "कुसुमनं दिली ती दिली."

"पण आबा, तुमी एवढेसे..."

"मोठा केला तर टाकी मोडंल. पाणी कोण भरणार, तू?"

"पण आमदारांना दिसणार कसं?"

"तू माईकवर सांग, आबा कुठं हायेत ते हुडका म्हणून."

रणजीतच्या चेहऱ्यावर आधी दुःख होतं. मग त्याच्यामागून दुसरं काहीतरी हळूहळू वर आलं. "हुडका," तो म्हणाला. "आबांना हुडका. स्पर्धा! जो आधी हुडकेल त्याला पैठणी... न्हाई, मिक्सर. संयोजक, रणजीतभाऊ टेमगिरे. लोक भिंतीसमोरून हलायचे न्हाईत!" तो ज्ञानेशकडे वळला. "तू अजून बादली घेऊन काय उभा राहिलास? एवढी चांगली भिंत, त्यावर चुना उडेल ना!"

ज्ञानेश थोडासा दुखावून खांबांकडे परत गेला.

विषय संपला असं वाटलं तेव्हा तात्या भिंतीपाशी जाऊन कोण कुणाच्या शेजारी आलंय ते बारकाईने बघत होते. नवरीचा मामा कुठेच नाही, हे पाहून त्यांचं समाधान झालं होतं. तिथूनच ते म्हणाले, "पण काय रं, कुसुम कुठं हाय?"

सगळे पुन्हा शोधायला लागले. शालनबाईच्या मागे बघितलं, बसच्या खिडक्यांत बघितलं. भंगारवाला होता, इस्त्रीवाला होता, कुत्र्यांत साहेबरावांचा लाडका मोती सुद्धा ओळखू येत होता. कुसुमताई नव्हत्या.

सगळ्यांनी उत्कर्षाकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला. "काढायच्या होत्या. पहिल्यांदा त्याच काढायच्या होत्या," ती म्हणाली. "पण आई एका जागी दिसतच नाहीत. मी कागद घेऊन बसते तोवर त्या गच्चीवर. गच्चीवर जाते तोवर गोठ्यात. मला नुसता पदराचा शेवट दिसतो. जागा ठेवलीय मी, ही बघा." मोरीच्या कठड्यावर तात्यांच्या शेजारी नुसता निळा रंग होता, सगळ्यांनी तो आभाळ म्हणून सोडून दिला होता.

"आरतीचं ताट दे हातात," रणजीतने सुचवलं. "चांगलं वाटतं."

"ताट कशाला?" साहेबराव म्हणाले. "डबा भरताना काढ. रोजचंच हाय."

"चहाचा ट्रे," तात्या म्हणाले. "मी शेजारीच बसलोय, मला तेवढाच पोचंल."

"न्हाई," कुसुमताई म्हणाल्या. सकाळच्या मानाने हा शब्द आता बराच सुटसुटीत आला. "मला बसलेली काढ. हातात काय नको."

"काहीच नको?"

"काहीच नको."

"आणि केवढी काढू, आई?"

कुसुमताईंनी भिंतीवरच्या शालनबाईकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या. "शालनएवढी," त्या म्हणाल्या. "नाक काढताना हात आखडू नको."

"या वैनी, या," शालनबाई म्हणाली. "ढगाला दोघी मिळून पुरून उरू."

"मग तुम्हाला बसावं लागेल," उत्कर्षा म्हणाली. "इथं. मी पाहिल्याशिवाय कसं काढणार?"

उद्या चारशे पान उठायचं होतं. रवा भाजायचा होता, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात घालायच्या होत्या, आमदारांना नारळ द्यायचा का श्रीफळ यावर रणजीतशी वाद घालायचा होता. कुसुमताईंनी मधली खुर्ची ओढली, भिंत आणि वाट दोन्ही दिसतील अशी तिरकी ठेवली आणि बसल्या.

बसल्यावर हातांचं काय करायचं हे त्यांना कळेना. हात आपोआप पदराच्या निऱ्या घालायला लागले.

"आई, हात," परांचीवरून आवाज आला.

त्यांनी हात मांडीवर ठेवले. ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे पडून राहिले. घरातून कुकरची शिट्टी झाली, मग आणखी एक, मग आणखी. "वहिनी, रवा कुठाय?" रणजीत आतून ओरडला. कुणी उत्तर दिलं नाही. "सापडला!" असं तो म्हणाला आणि त्यापाठोपाठ डब्यांची एक रांगच्या रांग खाली आल्याचा आवाज आला. कुसुमताई अर्ध्या उठल्या.

"आई."

त्या बसल्या. डबे गडगडत जिथे जायचे तिथे गेले आणि शांत झाले. आभाळ कोसळलं नाही. कुसुमताईंनी पाय लांब केले, चपला काढल्या आणि पायांची बोटं मोकळी केली. समोरून दुसऱ्या शिफ्टची बस गेली. खिडकीतल्या माणसांनी माना वळवून पाहिलं. त्यांनीही पाहिलं. बसमधल्या माणसांकडे निवांत बघायला किती मजा येते, हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं.

तेवढ्यात साहेबराव घरातून आले. हातात कपबशी होती, कपात थोडा चहा होता आणि बशीत बराच. ते ती दोन्ही हातांनी, देवाची मूर्ती धरावी तशी धरून, एकेक पाऊल टाकत आले. शालनबाई बघतच राहिली. खुर्चीवर पेपर उघडून बसलेल्या तात्यांनी तो खाली केला.

"घे," साहेबराव म्हणाले. "मीच केलाय."

कुसुमताईंनी कपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग मांडीवरच्या आपल्या दोन हातांकडे.

"हातात काय नको म्हणलंय मी," त्या म्हणाल्या.

कप ठेवायला जवळ काही नव्हतं. जमिनीवर ठेवला असता तर मोती आला असता. साहेबराव बशी सांभाळत बायकोच्या खुर्चीशेजारी तसेच उभे राहिले. परांचीवर उत्कर्षाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एक डोळा बारीक केला आणि दुसरा ब्रश उचलला.

"अहो," कुसुमताई मान न वळवता म्हणाल्या, "हलू नका."